दीडशेची आघाडी असली तरी खेळत राहावं

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये खूप पुढे गेलेल्या संघाने थांबावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मेलबर्नमध्ये आमच्याकडे येणारे पाहुणे ऑस्ट्रेलियन फुटबॉल पाहतात आणि हमखास विचारतात: शंभर-दीडशे गुणांनी पुढे असलेला संघ गोल मारतच राहतो, हे बरं दिसतं का? क्रिकेटमध्ये कर्णधार डाव घोषित करतो, तशी सोय इथे नाही का?

नाही. आणि नसावीच, असं माझं ठाम मत आहे.

एक तर हिशेब आहे. गुणतक्त्यात दोन संघ बरोबरीत आले की टक्केवारी बघतात: केलेले गुण भागिले दिलेले गुण, गुणिले शंभर. 2017 मध्ये मेलबर्न संघाची पहिल्या आठातली जागा (तेव्हा तेवढेच संघ सप्टेंबरच्या बाद फेरीत जात) अर्ध्या टक्क्याने हुकली, ती वेस्ट कोस्ट संघाला मिळाली. एप्रिलमध्ये आळसाने सोडलेले गोल सप्टेंबरमध्ये असे महागात पडतात.

पण माझ्या लेखी खरा मुद्दा मानाचा आहे. समोरचे मुद्दाम सैल खेळू लागले की हरणाऱ्यांना ते लगेच कळतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये झुंजून मिळवलेला एक गोल त्यांचा स्वतःचा असतो. दयेने मिळालेला कोणाचाच नसतो.

याच मेलबर्न संघाला 30 जुलै 2011 रोजी जिलाँगने 233–47 असं चिरडलं. फरक 186 गुणांचा. प्रशिक्षक डीन बेली यांची लगोलग गच्छंती झाली. इथल्या चाहत्यांसमोर आजही नुसतं ‘वन एटी-सिक्स’ म्हटलं तरी पुरतं. जिलाँगने साठ गुणांच्या आघाडीवर हात आखडता घेतला असता, तर मेलबर्न क्लबमधली दुही आणखी एखादा हंगाम झाकली गेली असती, असं मला वाटतं. 2021 मध्ये हाच मेलबर्न संघ 57 वर्षांनी विजेता झाला, तोही अंतिम सामना 74 गुणांनी जिंकून. तेव्हा कुणी म्हटलं नाही की जरा कमी मारायला हवे होते.

उपाय करायचा तो सामन्याआधी. 1980च्या दशकात खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली, ड्राफ्ट आला, तळाच्या संघाला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळू लागली. त्याआधीची पैशाची दरी फार क्रूर होती. 190 गुणांचा, लीगमधला सर्वांत मोठा विजय फिट्झरॉय क्लबच्या नावावर आहे, 1979चा. कर्जात बुडालेला तोच क्लब 1996च्या हंगामानंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला.

लहान मुलांचं मात्र वेगळं. अगदी छोट्या गटांत गुण मोजतच नाहीत, आणि ते मला शंभर टक्के पटतं. आठ वर्षांच्या पोराला टक्केवारी कशाला हवी?