लाच वरच्यांनी दिली, मान खाली कामगारांची

गावी आलो की सिंगापूरबद्दल एक प्रश्न हमखास येतो, तिकडे लाच खरंच चालत नाही का रे? यंदा गणपतीत आचऱ्याला आरती झाल्यावर सगळे खळ्यात बसले होते आणि नानांनी परत तेच विचारलं. एरवी मी हो म्हणून विषय संपवतो, पण वाडीतला एक मुलगा पण तिथेच बसला होता, मालवणच्या तंत्रनिकेतनातून मेकॅनिकल डिप्लोमा केलेला, त्याला तिकडच्या जहाजं-रिग बांधायच्या यार्डात नोकरी हवीय. त्याच्यासमोर अर्धवट सांगायला मन होईना. तेव्हा जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितोय, कारण आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली बरीच मुलं याच लाईनीत येतात.

केपेल ऑफशोर अँड मरीन म्हणजे समुद्रातून तेल काढायच्या रिग बांधणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. मूळ केपेल कंपनीत टेमासेक या सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक कंपनीचा साधारण २० टक्के हिस्सा, म्हणजे लोकांच्या मनात ती आपल्या देशाची कंपनी. २०१७ च्या ख्रिसमसच्या तोंडावर बातमी आली की हिने अमेरिका, ब्राझील आणि सिंगापूर अशा तिन्ही देशांशी मिळून तडजोड केलीय, दंड ४२.२ कोटी अमेरिकन डॉलर. निम्मे पैसे ब्राझीलला, उरलेले अमेरिका आणि सिंगापूरला निम्मे निम्मे. २००१ ते २०१४ या काळात पेट्रोब्रास (तिथली सरकारी तेल कंपनी) आणि सेते ब्राझील (रिग बांधून घेणारी कंपनी) या दोन ब्राझिलियन कंपन्यांची १३ कामं मिळवायला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास लाच दिली गेली होती, हे कंपनीनेच मान्य केलं.

पैसे गेले कसे ते नीट समजून घ्या, कारण पाकीट वगैरे कुठेच नाही. ब्राझीलमध्ये एक एजंट नेमायचा, त्याच्याशी सल्लागार म्हणून करार करायचा, कमिशन जरा जास्तच ठरवायचं आणि त्यातला वरचा भाग त्याने पुढे पेट्रोब्रासच्या अधिकाऱ्यांना आणि तिथल्या सत्ताधारी पक्षाला पोचवायचा. कागदावर फक्त सल्लागाराचं बिल दिसतं. करार वकील लिहितो, बिल अकाउंट्सवाला पास करतो, सही मॅनेजरची. करार लिहिणाऱ्या कंपनीच्या वकिलाने नंतर अमेरिकेत गुन्हा कबूल केला.

मी स्वतः त्या कंपनीत कधी नव्हतो, आमची कंपनी यार्डांना पाइपिंगची माणसं पुरवते, पण रोजचं उठणं-बसणं याच लोकांत. बातमी आली त्या आठवड्यात तुआस या यार्डांच्या भागातल्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. आणि मला वाटलं होतं की सगळे एकसारखे चिडतील, तर तसं अजिबात झालं नाही.

आधीच दोन-तीन वर्षं हाल चालू होते. २०१४ ला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली आलं, ज्या सेते ब्राझीलने केपेलला सहा रिग सांगितल्या होत्या ती २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, सगळ्या यार्डांतून मिळून हजारो माणसं घरी गेली. वर हा दंड, त्याचे आणि त्यासोबतच्या खर्चाचे म्हणून कंपनीच्या हिशोबात ६१.९ कोटी सिंगापूर डॉलर गेले. एक जण म्हणाला, बोनस आमचा गेला, इन्क्रिमेंट आमचं गेलं आणि ज्यांनी केलं ते रिटायर होऊन बसलेत. दुसरा, वयाने मोठा, त्याचं म्हणणं की ब्राझीलमध्ये दिल्याशिवाय काम मिळतच नव्हतं, ती कामं आली म्हणून तर इतकी वर्षं आपल्या घरच्या चुली पेटल्या, आता शिव्या कशाला देता. हे ऐकून दोन-तीन जण गप्प झाले. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, पण त्या माणसाची दोन मुलं कॉलेजात होती, तो काय म्हणतोय ते कळत होतं.

सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या देवगडकडच्या एका वेल्डिंग इन्स्पेक्टरचं. पंधरा वर्षं रिगवर काम केलेला माणूस. जॅक-अपचा, म्हणजे समुद्राच्या तळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या रिगचा, पाय वेल्ड होतो तेव्हा जाड प्लेट आधी तापवावी लागते, मग थरावर थर, प्रत्येक थर घासून साफ करायचा, शेवटी अल्ट्रासोनिक टेस्ट, आणि जरा शंका आली की सगळं खरवडून परत. रात्रपाळीला पावसात ताडपत्री धरून हे केलंय त्याने. तो म्हणाला, "आमचं काम इतकं चोख होतं, वेळेच्या आधी रिग देत होतो, मग ऑर्डर मिळवायला पैसे का द्यावे लागले? म्हणजे आमच्या कामावर यांचाच विश्वास नव्हता का?" याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. पुढे तो दुसरीकडे इंटरव्ह्यूला गेला तर त्याला पहिल्यांदा ब्राझीलबद्दलच विचारलं, ज्याने कधी बिलाचा कागद हातात धरला नाही त्याला.

कंपनीने आतमध्ये काहीच केलं नाही असं नाही. १७ आजी-माजी कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, सात जण कंपनीतून गेले, १२ जणांवर मिळून ८९ लाख डॉलरची आर्थिक कारवाई केली. लोकांना थोडं बरं वाटलं. मग जानेवारी २०२३ उजाडला आणि सिंगापूरच्या भ्रष्टाचारविरोधी ब्युरोने, सीपीआयबीने, जाहीर केलं की सहा माजी बड्या अधिकाऱ्यांना कडक ताकीद देऊन प्रकरण बंद करतोय. खटला नाही, नावंही जाहीर नाहीत. संसदेत प्रश्न आले, मंत्री इंद्राणी राजा यांनी सांगितलं की बरेच साक्षीदार परदेशात आहेत आणि कोर्टात टिकेल असा पुरावा नाही. कायद्याने ते बरोबर असेलही, पण यार्डातल्या माणसाला ते पचलं नाही. कारण त्याच सिंगापुरात २०१८ मध्ये दोन फोर्कलिफ्ट चालकांवर आरोपपत्र ठेवलं होतं, ट्रकवाल्यांचं काम रखडवू नये म्हणून ते एकेक डॉलर घेत होते असा आरोप. परदेशातून पोटासाठी आलेले कामगार होते ते. सगळ्यांना हीच केस आठवली.

नाना म्हणाले, "म्हणजे एक डॉलरवालो कोर्टात आणि कोटीवालो घराक?"

हो, म्हटलं, तसंच झालं.

म्हणून नानांना सांगितलं की रोजच्या जगण्यात तिकडे लाच द्यावी लागत नाही हे शंभर टक्के खरं, लायसन्सला नाही, पोलिसाला नाही, हॉस्पिटलात नाही, आणि हे सुख काय असतं ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. पण मोठ्या कंपनीने दुसऱ्या देशात जाऊन दिली तेव्हा त्याच देशाचा हात आखडला. सहा जणांची नावं आली असती तर उरलेल्या हजारोंवरचा संशय गेला असता, माझा राग एवढाच आहे.

मग त्या मुलाने हळूच विचारलं की त्याच्याकडे एका एजंटने दीड लाख मागितलेत, देऊ का. खळ्यातले निम्मे लोक म्हणाले देऊन टाक, काम होतंय ना, न देता कोणाचं झालंय? कॅन्टीनमध्ये तो वयाने मोठा माणूस ब्राझीलबद्दल हेच म्हणाला होता. आपल्याकडच्या नियमाने नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. आम्ही तिथेच मोबाईलवर ई-मायग्रेट या सरकारी साईटवर त्या एजंटचं नाव शोधलं, नोंदणीच सापडली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आता तो थेट कंपन्यांच्या साईटवर अर्ज टाकतोय, बायोडेटा मी बघून दिलाय, वेल्डिंग इन्स्पेक्शनचा कोर्स आधी कर म्हटलंय. वाडीत अजून कोणाला असा फोन आला असेल तर पैसे द्यायच्या आधी मला मेसेज करा.