गाझीची कांदळं: लावणी थोडी, राखण फार

केनियात मोंबासाच्या दक्षिणेला गाझी नावाची खाडी आहे. तिथल्या गाझी आणि माकोंगेनी या दोन गावांचा ‘मिकोको पमोजा’ हा प्रकल्प २०१३ पासून कार्बन क्रेडिट विकतो, म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेल्या किंवा झाडांनी धरलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे मिळणारं प्रमाणपत्र. स्वाहिलीत मिकोको म्हणजे कांदळं, खारफुटीची झाडं, आणि पमोजा म्हणजे मिळून. गावाने रोपं लावली आणि डॉलर आले, असा अनेकांचा समज असतो. आकडे बघितले की तो टिकत नाही.

खाडीत सहाशेच्या वर हेक्टर कांदळवन आहे. प्रकल्पात त्यातलं फक्त ११७ हेक्टर आहे आणि नवी लावणी वर्षाला सुमारे ४,००० रोपांची, म्हणजे मीटरभर अंतराने ०.४ हेक्टर. क्रेडिट मात्र वर्षाला साधारण ३,००० टन कार्बन डायऑक्साइडचे. एवढा कार्बन कोवळी रोपं धरू शकत नाहीत. तो उभ्या झाडांचा आहे, जी तुटली असती पण तुटली नाहीत.

‘तुटली असती’ हे सिद्ध करणं सगळ्यात अवघड. तिथे कांदळाचे वासे घरांना लागतात, बोरिती म्हणतात त्यांना, शिवाय जळण. जंगल सरकारी आहे, पण नियम होता म्हणून तोड थांबली नव्हती. आपल्याकडे हा मुद्दा जास्त टोचणारा आहे. महाराष्ट्रात २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून खारफुटीच्या तोडीला बंदी आहे. मग क्रेडिट घेणारा विचारणारच की कायद्याने जे राखायचंच होतं, त्यात तुम्ही नवीन काय केलंत? बंदी असूनही प्रत्यक्ष किती तोड होते, याच्या जुन्या नोंदी हाताशी नसतील तर कोकणातल्या खाडीसाठी हा मार्ग धरू नये.

मोजणी गावातली माणसं शिकू शकतात. १० बाय १० मीटरचे कायमचे चौकोन आखायचे, प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा आणि जमिनीपासून १.३ मीटरवर घेर घेऊन त्याला ३.१४ ने भागायचं, म्हणजे व्यास मिळतो. कांदळाला आधारमुळं असतात, ती त्याच उंचीवर मध्ये येतात. तिथे सगळ्यात वरच्या मुळाच्या ३० सेंटिमीटर वर टेप लावतात. ही सूट विसरली की मुळांचा जुडगाच खोड म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. जातीनुसार ठरलेल्या सूत्राने वाळलेलं वजन काढतात. त्याचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन धरून ३.६७ ने गुणतात, म्हणजे १०० टन वाळल्या लाकडामागे सुमारे १७२ टन कार्बन डायऑक्साइड. आग किंवा वादळाची जोखीम म्हणून यातले काही क्रेडिट न विकता बाजूला ठेवावे लागतात. पहिल्याच वर्षी सगळं विकण्याच्या हिशेबाने खर्च मांडला की गणित तिथेच कोलमडतं.

लावणी थोडी असली तरी चुका तिथेच जास्त होतात. कांदळाची शेंग झाडावरच रुजते. फळ आणि शेंगेच्या मध्ये पिवळसर कडं दिसलं आणि हलक्या झटक्याने ती निसटली, तरच ती तयार. ओढून काढलेली हिरवी शेंग कुजते. काढल्यावर काही दिवस ओलसर सावलीत ठेवली तर खेकडे कमी कुरतडतात. टोकदार बाजू खाली करून तिसरा हिस्सा चिखलात जातो. घाईत लावणारे हमखास काही उलट्या खोचतात.

खरं नुकसान जागा चुकल्याने होतं. ओहोटीला उघडा पडणारा सपाट चिखल रिकामा दिसतो आणि मालकीचा वादही नसतो, म्हणून सगळे तिथेच लावायला जातात. पण तिथे दिवसातले फार तास पाणी उभं असतं. रोप गुदमरतं, त्यावर बार्नॅकल (चिकटून राहणारे कवचवाले समुद्री जीव) चढतात आणि ओझ्याने ते आडवं होतं. खारफुटीच्या जातींपैकी समुद्राकडच्या तोंडाला चिप्पीची जागा असते, जमिनीकडे तिवराची. कांदळ ही जात या दोन्हींच्या मधली. लाटांच्या वाटेवर काहीही लावलं तरी त्या ते उपटतात. बांध घालून भरतीचं पाणी तोडलेल्या खाजणात तर आधी उघाडी, म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडण्याची वाट, मोकळी करावी. पाणी खेळू लागलं की बी आपणहून येतं.

आता पैसे. सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न साधारण १२ ते १५ हजार डॉलर होतं. प्लॅन व्हिवो या कार्बन प्रकल्पांच्या मानकाप्रमाणे विक्रीतला किमान ६० टक्के वाटा लोकांकडे जावा लागतो. गाझीत तो पाण्याच्या सोयीवर आणि शाळेच्या पुस्तकांवर गेला. घरटी वाटला असता तर कुणाच्याच हातात काही उरलं नसतं. सार्वजनिक नळ रोज दिसतो आणि तोडणाऱ्याला गावच अडवतं. बाहेरच्या तपासनिसाचा खर्च मात्र ११७ हेक्टरला असो की हजाराला, फारसा बदलत नाही. लहान प्रकल्पांची दमछाक इथेच होते.

कुऱ्हाड शेजारच्या पट्ट्यात गेली तर तेवढे टन वजा होतात. खाडीचा बाकीचा मोठा भाग प्रकल्पाबाहेर असल्याने ही भीती खरी आहे. म्हणून तिथे जोडीला सुरूच्या झाडांची लागवड केली, वाशांसाठी आणि जळणासाठी. सुरूचं झाड वासा देण्याजोगं व्हायला काही वर्षं जातात आणि चूल तेवढी थांबत नाही. तेव्हा कांदळाची राखण हाती घेण्याआधीच सुरूची झाडं लावायला हवीत.