जांभ्याची भिंत आणि ब्लूटूथ

ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर छापलेले '१० मीटर' हे मोकळ्या जागेतले. फोन माजघरात आणि स्पीकर पडवीत ठेवलात, की मध्ये जांभ्याची जाडजूड भिंत येते, आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन बसलेली असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. ओल या पट्ट्यातल्या रेडिओ लहरी शोषून घेते. माणसाचं शरीरही बरंचसं पाणीच. म्हणून फोन मागच्या डाव्या खिशात आणि इअरबड उजव्या कानात असेल, तर खळ्यात फिरताना आवाज तुटतो. खिसा बदला, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

वायफायही याच पट्ट्यात गर्दी करतं. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलून वाट काढतं, तरी राउटरला खेटून ठेवलेला स्पीकर अडखळतो. फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या किंवा स्पीकर दोन मीटर लांब सरकवा.

जोडणीच होत नाही? बहुधा घरातला दुसरा फोन स्पीकरला आधीच चिकटलेला असतो. त्याचं ब्लूटूथ बंद करा, आपल्या फोनच्या यादीतून जुनं नाव काढा, मग स्पीकरचा दिवा लुकलुकेपर्यंत त्याचं बटण दाबून धरा.

गणपतीतले व्हिडिओ मात्र ब्लूटूथवरून पाठवू नयेत. १०० एमबीला सात-एक मिनिटं सहज जातात.

आणि किनाऱ्यावरचं खास दुखणं: खाऱ्या हवेनं इअरबडच्या पिना हिरवट पडतात, चार्जिंग थांबतं, शिव्या ब्लूटूथला बसतात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवून पिनांवर फिरवा, पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवा.