आण्णांचा हात

"चालू हाय न्हवं ह्यो?" नव्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवून आण्णांनी विचारलं. जुन्या हार्ड डिस्कची घरघर कानात बसलेली. ह्यात एसएसडी, सगळं चिपवर साठवणारी. तिच्यात फिरणारं काही नसतंच, आवाज येणार कुठनं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात वेगळं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारत होते. नको म्हटलं. रायझन ५६००जी प्रोसेसरमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स आतच असतं. वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायला आणि यूपीएसला घातले. पावसाळ्यात आपल्याकडं लाईटचा काय भरवसा?

मग स्क्रीनवरची अक्षरं १५० टक्के मोठी करून ठेवली, म्हणजे दीडपट. आण्णांनी सातबारा उघडला, चष्मा कपाळावर सारला आणि स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं.

इतकी वर्षं "तूच बघ की" म्हणायचे. मला वाटायचं, जमत नाही. त्यांना दिसतच नव्हतं.

तुम्ही विचारलंय का कधी घरी?