बाबांच्या पिशवीतले अकरा कागद

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर डिचोलीला घरी आले होते, तेव्हा धाकट्या भावाच्या नोकरीसाठी मामलेदार कार्यालयातून 15 वर्षांचा रहिवासी दाखला काढायचे चालले होते. बाबांनी कपाटाच्या वरच्या खणातली कापडी पिशवी खाली काढली आणि ओसरीवर एकेक कागद मांडला: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, विजेचे बिल, घरपट्टीची पावती आणि पंचायतीचा रहिवासी दाखला. त्यांत फोटो आणि स्वयंघोषणापत्र धरले की झाले अकरा. मी सहज मोजत गेले आणि लक्षात आले की शेवटचे दोन सोडले तर बाकीचे नऊही कागद सरकारने किंवा सरकारमान्य संस्थेनेच दिलेले आहेत. विजेचे बिलसुद्धा, कारण आपल्या गोव्यात वीज खाते सरकारचेच आहे. अर्ज ऑनलाइन भरायची सोय होती आणि भावाने ती आदल्या रात्रीच वापरली होती, परंतु स्कॅन करून चढवलेल्या प्रती पडताळण्यासाठी मूळ कागद घेऊन या, असा निरोप आला, आणि सरकारनेच दिलेली माहिती सरकारला पुन्हा दाखवण्यासाठी बाबांना तीन दिवस एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जावे लागले. बाबांचे वय 68 आहे. त्यांनी तक्रार केली नाही, पण तिसऱ्या दिवशी परतल्यावर ते ज्या तऱ्हेने सोप्यावर आडवे झाले, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी 2016 पासून एस्टोनियाची राजधानी ताल्लिन येथे राहते. ‘तिथे सगळे मोबाइलवर होते म्हणे’ असे गावी गेल्यावर प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण त्यातले जे खरोखर घेण्यासारखे आहे, ते मोबाइलमध्ये नाही. या देशाची लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख आहे. आपल्या गोव्याची 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार होती. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आपण एकाच मापाचे आहोत, आणि म्हणूनच ही तुलना मला अवास्तव वाटत नाही.

एक साधा प्रसंग सांगते. मला थायरॉइडच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. जानेवारीत, बाहेर उणे पंधरा तापमान असताना, गोळ्या संपत आल्या की मी माझ्या डॉक्टरांना फोन करते आणि ते त्यांच्या संगणकावर औषध लिहून देतात. मग घराजवळच्या, किंवा शहरातल्या कोणत्याही, औषधाच्या दुकानात जाऊन मी माझे रहिवासी परवान्याचे कार्ड पुढे करते. दुकानातील बाई ते यंत्रात घालतात, पडद्यावर औषधाचे नाव येते, विम्याची सवलत आपोआप वजा होते आणि गोळ्या माझ्या हातात पडतात. चिठ्ठी नाही, झेरॉक्स नाही. ही पद्धत येथे 2010 पासून चालू आहे. त्याच कार्डाला दोन पिन आहेत: चार आकडी पिन ‘ही मीच’ हे सांगण्यासाठी आणि पाच आकडी पिन सही करण्यासाठी. ही सही कायद्याने हाताच्या सहीइतकीच ग्राह्य असते. घराचा भाडेकरार, बँकेची कागदपत्रे, आयकराचे विवरण, सर्व काही मी त्या पाच आकड्यांनी सही केले आहे. येथील ओळख क्रमांक गुपित मानला जात नाही; नुसता क्रमांक कळला म्हणून कोणाला काही करता येत नाही, कारण अधिकार क्रमांकात नसून कार्ड आणि पिन यांच्या जोडीत आहे.

यामागचे यंत्र म्हणजे 2001 मध्ये सुरू झालेला ‘एक्स-रोड’. सर्व माहिती एका मोठ्या कोठारात ओतलेली असेल, अशी माझी आधी समजूत होती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लोकसंख्येची नोंद त्या खात्याकडे, वाहनांची वाहन खात्याकडे, आरोग्याची आरोग्य खात्याकडे, ज्याचे दफ्तर त्याच्याच ताब्यात राहते. एका खात्याला दुसऱ्याकडील काही हवे असेल तर ते या रस्त्याने विचारते, आणि उत्तर कूटबद्ध होऊन, सही आणि वेळेच्या नोंदीसह येते. याहून महत्त्वाची गोष्ट कायद्यात आहे. येथील सार्वजनिक माहिती कायद्याने एकच माहिती गोळा करण्यासाठी दोन वेगळी दफ्तरे उभारण्यास मनाई केली आहे. सरकारपाशी एकदा असलेली माहिती नागरिकाला पुन्हा मागायची नाही, हा येथे शिष्टाचाराचा भाग नसून नियम आहे. माझ्या एका सहकारिणीला मुलगी झाली. जन्माची नोंद होऊन बाळाला नाव मिळाले आणि लगेच सामाजिक विमा खात्याचा ईमेल आला की आपण अमुक भत्त्यांस पात्र आहात, कोणत्या बँक खात्यात रक्कम जमा करावी तेवढे कळवा. तिने अर्ज केलाच नव्हता. हा प्रकार येथे 2019 पासून आहे. तो ईमेल तिने मला दाखवला, तेव्हा मला बाबांची पिशवी आठवली.

आपल्याकडे हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एस्टोनियाने हाताच्या सहीइतकी मान्यता डिजिटल सहीला देणारा कायदा केला तो 2000 साली. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही 2000 सालचाच. येथे शाळांत संगणक पोचवण्याची ‘वाघाची झेप’ नावाची मोहीम 1996 मध्ये जाहीर झाली. आपल्याकडेही मनोहर पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक आले होते आणि आमच्या वाड्यावर पहिला संगणक आला तो त्याच योजनेतून. फरक पडला तो पुढे. 2002 मध्ये येथे सर्वांसाठी चिप असलेले ओळखपत्र आले आणि सही करण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात गेले. आपल्याकडे डिजिटल सही मुख्यतः सनदी लेखापाल, ठेकेदार अशांपुरती राहिली. आधार 2010 पासून आहे, डिजिलॉकर 2015 पासून. म्हणजे सामान तर आले आहे. राहिली आहे ती खात्यांनी आपसांत बोलण्याची सवय.

आणि गोव्यापाशी एक गोष्ट अशी आहे, जी भारतात इतरत्र सहज सापडत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून जन्म आणि विवाह यांची नोंद धर्म न पाहता सर्वांसाठी नागरी दफ्तरात होत आली आहे. माझ्या आजीच्या लग्नाची नोंद सही-शिक्क्यासह आहे. कोणतीही ई-प्रशासनाची व्यवस्था शेवटी अशा विश्वासार्ह नोंदींवरच उभी राहते, आणि तो पाया आपल्या पणजोबांनी आपल्यासाठी घालून ठेवला आहे. बाबांच्या नऊ कागदांपैकी आधार आणि मतदार ओळखपत्र सोडले तर उरलेले सातही राज्याच्याच अखत्यारीत येतात. त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

हे सर्व एकमेकांना जोडायचे म्हटले की मनात भीती येते, आणि ती रास्त आहे. खाती आपसांत बोलू लागली की माझ्याबद्दल कोण काय वाचते आहे, हे मला कसे कळणार? येथे नागरिकांच्या पोर्टलवर ‘अंदमेयाल्गिया’ नावाची सोय आहे, अर्थ ‘माहितीचा माग काढणारा’. ती उघडली की कोणत्या खात्याने माझी माहिती केव्हा पाहिली, त्याची यादी समोर येते. ती यादी मी महिन्यातून एकदा नेमाने वाचते, आणि कारण समजले नाही तर त्या खात्याला विचारण्याचा मला हक्क आहे. गोव्याने माहितीचा अधिकार कायदा 1997 मध्ये केला, केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. सरकारचे कागद नागरिकाने पाहावेत, हे ज्या राज्याने इतक्या लवकर मान्य केले, त्या राज्याने ‘माझे कागद कोणी पाहिले’ एवढेही नागरिकाला दाखवावे, अशी माझी मनापासून मागणी आहे.

चुका येथेही झाल्या. 2017 मध्ये ओळखपत्राच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष सापडला. सुमारे साडेसात लाख कार्डे त्यात अडकली होती, आणि माझेही त्यांत होते. सरकारने सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ते स्वतःहून जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांतील सदोष डिजिटल प्रमाणपत्रे, म्हणजे ओळख आणि सही चालवणारा भाग, स्थगित केली. प्रमाणपत्र नवे करण्यासाठी मी संध्याकाळभर संगणकापुढे बसले, जमले नाही, मग दुसऱ्या दिवशी एका सेवा केंद्रासमोर पावणेतीन तास रांगेत उभी राहिले. त्या रांगेत मला राग आला होता, परंतु काय बिघडले आहे आणि काय करायचे आहे, हे रांगेतील प्रत्येकाला नेमके ठाऊक होते. बाबांना तीन दिवसांत कोणी तेवढे सांगितले नव्हते.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र आईबद्दल आहे. आई मराठी सातवी शिकलेली, रोजचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते, पण पडद्यावर इंग्रजी अर्ज आला की शेजारच्या मुलाला हाक मारते आणि त्याने मागितला की ओटीपीही सांगून टाकते. मुलगा चांगला आहे, एवढेच तिचे संरक्षण. एस्टोनियाचे सरकारी पोर्टल एस्टोनियन, रशियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. 2001 नंतरच्या काही वर्षांत येथे बँका आणि दूरसंचार कंपन्यांच्या पैशाने सुमारे एक लाख प्रौढांना संगणकाचे प्राथमिक शिक्षण देण्यात आले. आपल्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. तेव्हा प्रत्येक अर्ज कोकणी आणि मराठीत दिसावा, आणि तो स्वतः भरायला वाचनालयात किंवा पंचायत घरात कोणी तरी शेजारी बसून शिकवावे, ही मागणी काही जगावेगळी नव्हे.

चतुर्थीला मी पुन्हा घरी येते आहे. त्या अकरा कागदांची यादी मी वहीत उतरवली आहे, प्रत्येकापुढे तो कोणत्या खात्याकडे आधीच आहे हे लिहून. बाबांशी बोलणे झाले आहे. घरपट्टी आणि रहिवासी दाखला या दोन्ही नोंदी पंचायतीच्याच दफ्तरातल्या आहेत. त्या पंचायतीने मामलेदार कार्यालयाला थेट पाठवाव्यात, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत बाबा मांडणार आहेत आणि तो मराठीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे आहे.