बहीण चालत नाही म्हणे!

भावाला व्यसनमुक्तीसाठी सरकारी रुग्णालयात भरती करायचं असेल, तर लग्न झालेल्या बहिणींनो, आधी आपलं माहेरचं आडनाव कुठल्या कागदावर शिल्लक आहे ते शोधून ठेवा. माझ्या आधार, पॅन, मतदार कार्डावर सगळीकडे सासरचं नाव. खिडकीवरच्या बाबूंनी दोघांची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली नि म्हणाले, "आडनाव जुळत नाही. पेशंटच्या मिसेसना आणा."

वहिनी तेव्हा वैतागून माहेरी गेलेली. "अहो, मी सख्खी बहीण आहे."

"असाल हो मॅडम. पुरावा काय?"

भाऊ बाकावर. मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात ती, म्हणजे अल्प्राझोलाम ही झोपेची-चिंतेची गोळी, तो पट्टीच्या पट्टी खायचा. आदल्या दिवसापासून मिळाली नव्हती. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना इतके हात थरथरत होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि तोंडाने "ताई, घरी चल, मला काही झालेलं नाही" चालूच. ही गोळी एकदम तोडली की फिट येऊ शकते. (घरात कोंडून ठेवा, आपोआप सुटेल, असं सांगणाऱ्या मामा-काकांना हे ऐकवा. रोजच्या पिणाऱ्याची दारू अचानक तोडणंही असंच जिवावर बेतू शकतं. अशा गोळीचा डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात.)

पेशंट नाही म्हणत असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 89 प्रमाणे दोघांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. ते झालं होतं. अडलं ते अर्जावर. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा लागतो, आणि पेशंटने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक चालतो. नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक नात्याचा कुणीही. बायकोच हवी असं कुठेही नाही. मी मोबाईलवर कायदा उघडून दाखवला. बाबू म्हणाले, "मोबाईलमधलं इथे चालत नाही," आणि खिडकी लावून डबा खायला गेले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

सुटलं ते समाजसेवा अधीक्षक बाईंमुळे. खिडकीशी वाद घालण्याआधी त्यांची खोली गाठा. त्या म्हणाल्या, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले मागवा, वडिलांचं नाव एकच दिसेल. आईने पेटीतून काढले, शेजारच्या पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. बाईंनी प्रिंट काढून स्वतः नेऊन दिली. बाबूंनी न बघताच शिक्का मारला!

पेशंट स्वतः राजी असेल तर कलम 86 खाली भरती होते, नातेवाईकाची सहीच लागत नाही. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64अ वाचा. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला त्यात संरक्षण आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन. आणि "गाडी पाठवतो, उचलून नेतो" म्हणणारं खासगी केंद्र भेटलं तर फोन ठेवून द्या. मी ठेवला.

आता गोळ्या वहिनीच्या कपाटात असतात, ती मोजून देते. चिठ्ठीशिवाय पट्टी काढून देणारा केमिस्ट मात्र गल्लीत अजून बसलेला आहे. त्याच्याविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिलीय, आणि या वेळी शिक्क्यासकट पोच घेऊनच खिडकी सोडली.