नवा रस्ता लगेच का खणतात?

"नवा रस्ता कसाले खंदतस, भाऊ?" लग्नाच्या पंगतीत, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, कुणी ना कुणी मला हे विचारतंच. खान्देशातल्या एका शहराच्या बांधकाम विभागात मी अभियंता म्हणून नोकरी केली, त्यामुळे विचारणं बरोबरच आहे. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

रस्त्याचा आणि पाण्याचा पैसा एका ठिकाणून येत नाही. डांबरीकरण कधी पालिकेच्या अंदाजपत्रकातून, कधी जिल्हा नियोजन समितीच्या किंवा आमदारांच्या निधीतून होतं. जलवाहिनी येते 2015 साली सुरू झालेल्या केंद्राच्या अमृतसारख्या योजनेतून. प्रत्येकाची मंजुरी वेगळी, निविदा वेगळी, मुदत वेगळी. रस्त्याचे पैसे मुदतीत खर्च झाले नाहीत तर परत जातात. म्हणून पाइप अजून आलेले नसतानाच डांबर पडतं. 'आधी जलवाहिनी, मग रस्ता' असं मी कितीतरी फायलींवर लिहिलं. मार्च जवळ आला की ते वाचायला कुणाला वेळ नसायचा.

त्यात मोजमाप, डीएसआरच्या, म्हणजे सरकारी दरसूचीच्या, दराने अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश. मध्ये आचारसंहिता लागली की सगळं थांबतं. दिवाळीनंतर सुरू व्हायला हवं ते काम मे महिन्यात सुरू होतं आणि समोर पावसाळा उभा असतो.

तरी खणणं पूर्ण टळणार नाही. नळ लागतील, गटारी होतील. मला राग येतो तो बुजवण्याचा.

आपली तापीकाठची काळी माती तुम्ही शेतात पाहिलीच असेल. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पाऊस पडला की पाणी पिऊन तीच माती फुगते. कपाशीला ती मानवते, रस्त्याला नाही. पाइपासाठी खणलेल्या चारीतून निघालेली ही ढेकळं जेसीबीने एका दमात परत लोटली की आत पोकळ्या राहतात. खरं तर पाइपाभोवती वाळू हवी, वर मुरूम, तोही पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थराने. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, ठोकून दाबायला धुमस चालवायची, मग पुढचा थर. खडी आणि डांबर त्यानंतर. याला दिवस लागतात, आणि बिल मात्र वरच्या काळ्या थराकडे बघूनच निघतं.

एकदा माझ्याच देखरेखीखालच्या कामावर संध्याकाळी त्या गल्लीतून वरात जायची होती. ठेकेदाराने चारी तासाभरात मातीने भरली आणि मी भरू दिली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात केळीचा भरलेला ट्रक तिथे आसापर्यंत रुतला. गल्लीतली माणसं मध्यरात्रीपर्यंत घड उतरवत होती. दुसऱ्या दिवशी उकरून पाहिलं तर माती मुठीने काढता येत होती. त्यानंतर चारी बुजेपर्यंत मी जागेवरून हललो नाही.

आणखी एक, कामाचा फलक वाचत जा. त्यावर 'दोष दायित्व कालावधी' लिहिलेला असतो. तेवढ्या काळात रस्ता कामातल्या दोषाने उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पाणी कुठे साचतं तेही लिहा, कारण सात मीटर रुंद रस्ता मधोमध कडेपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच हवा. तेवढा उतार नसेल तर उत्तम डांबरही टिकत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली चारी बुजवत होते. शेजारच्या ताईंनी मला हाक मारली आणि घराच्या बांधकामातून उरलेली एक सळई हातात दिली. भरलेल्या जागी मी ती उभी धरून दाबली. चांगल्या दाबलेल्या मुरुमात ती बोटभरही जाऊ नये. ती दोन वीत आत गेली. मुकादमाला म्हटलं, "दादा, हे सगळं परत काढा." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पोरांना फावडी आणायला सांगितली.